एसीएल तुटल्यावर: ऑपरेशन कधी करायचं, आणि त्यानंतरचे नऊ महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४. फुटबॉल खेळताना पळता पळता एकदम दिशा बदलली, पाऊल जमिनीत रुतलं आणि गुडघा आतल्या आत फिरला. ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक लिगामेंट) पूर्ण तुटल्याचं आणि आतल्या बाजूचा मेनिस्कस (हाडांमधली गादी) फाटल्याचं लिहिलंय. त्याला आता तीन आठवडे झाले. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लगेच करून टाका, दुसरे म्हणतात आधी व्यायाम करा, मग बघू. कुणाचं ऐकायचं, ग्राफ्ट (तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा बंध) कोणता घ्यायचा आणि सहा महिन्यांवर आलेली स्पर्धा खेळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ती स्पर्धा सोडून द्या. तुमच्या वयाच्या खेळाडूला हे सांगताना मलाही जड जातं. पण घाईने मैदानात उतरून तोच गुडघा पुन्हा तुटलेली मुलं मी ऑपरेशनच्या टेबलावर पाहिली आहेत, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं क्वचितच होतं.

राहिला दोन डॉक्टरांचा प्रश्न. दोघंही बरोबर असू शकतात. ते ठरवायला मला तुमच्या एमआरआयपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: आज तुमचा पाय गुडघ्यात पूर्ण सरळ होतो का?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारा साधारण ३ सेंटीमीटर लांबीचा पट्टा. नडगीला पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला वाजवीपेक्षा जास्त पिळू न देणं ही त्याची दोन कामं. सरळ रेषेत चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. म्हणूनच सूज उतरली की बऱ्याच जणांना वाटतं, आपलं बरं झालं. मग एके दिवशी जिना उतरताना किंवा मागे वळून बघताना गुडघा दगा देतो. तुटलेलं एसीएल सहसा नीट जुळत नाही, कारण ते सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं. जखम भरायला तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकावी लागते आणि तो द्रव ती गाठ टिकू देत नाही. काही जणांच्या पुढच्या एमआरआयमध्ये ते पुन्हा जुळलेलं दिसतं, हेही खरं. पण आपलं जुळेलच असं धरून कुणी खेळायला जाऊ नये.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं का? नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्या लोकांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्या ५९ जणांना आधी नीट व्यायाम दिला आणि गुडघा अस्थिर राहिला तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सारखीच होती, आणि व्यायामाच्या गटातल्या फक्त २३ जणांना ऑपरेशन करावं लागलं होतं. पाच वर्षांनी तो आकडा ३० झाला, म्हणजे जवळपास निम्म्या लोकांची गरज टळली. या अभ्यासामुळे माझी स्वतःची सवय बदलली. आधी ‘पूर्ण तुटलंय’ एवढं वाचलं की मी ऑपरेशनची तारीख देत असे. आता मी विचारते: तुम्हाला आयुष्यात काय करायचंय, आणि ते करताना गुडघा निसटतो का?

ज्याला चालायचंय, पोहायचंय, सायकल चालवायचीय, त्याचं चांगल्या व्यायामावर पुष्कळदा भागतं. ज्याला फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन असे उड्या आणि वळणांचे खेळ खेळायचेत, ज्याचा गुडघा रोजच्या कामातही निसटतो, किंवा ज्याचा शिवण्याजोगा मेनिस्कस फाटलाय, त्याला मी ऑपरेशन सुचवते. वय कमी असेल तर आणखी ठामपणे. तुमच्यात यातल्या किमान दोन गोष्टी आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी ऑपरेशनकडे कल असणं योग्यच आहे. मात्र ‘आजच’ की ‘थोडं थांबून’, हा प्रश्न उरतोच.

इथे एक खुलासा, कारण ‘लिगामेंट फाटलं’ या दोन शब्दांत लोक सगळंच एकत्र करतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, बहुतेक वेळा बाहेरून बांधायचा पट्टा आणि व्यायाम यांनी ऑपरेशनशिवाय भरून येतं. मागचं पीसीएल एकटंच तुटलं असेल तर तेही बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय चालतं. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट मात्र पूर्ण तुटलेलं असेल तर ते लवकर दुरुस्त करावं लागतं. आणि अपघातात गुडघा निखळून दोन-तीन लिगामेंटं एकदम तुटली असतील, तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासायचा. गुडघ्यामागची धमनी दुखावलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

आता ‘थोडं थांबून’ का, ते सांगते. सुजलेल्या, गरम, नीट सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर आतमध्ये जखमेचे चिवट पापुद्रे धरतात आणि गुडघा आखडतो. सुरुवातीच्या काळात मी एका तरुण मुलीचं ऑपरेशन दुखापतीनंतर दहाव्या दिवशी केलं. तिची परीक्षा होती, घरच्यांना लवकर उरकायचं होतं आणि मी ‘हो’ म्हणाले. ग्राफ्ट उत्तम बसला, पण गुडघा शेवटचे १५ अंश सरळ होईना. पुन्हा दुर्बीण घालून ते पापुद्रे सोडवावे लागले आणि तिचं वर्ष गेलं. त्यानंतर दिवस मोजून मी तारीख दिलेली नाही. गुडघा शांत झालाय का, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होतोय का, ११०-१२० अंश वाकतोय का, लंगडणं थांबलंय का आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळल्यावर टाच उचलून धरता येते का, एवढं बघते. कुणाला याला तीन आठवडे लागतात, कुणाला सहा. हा वेळ वाया जात नाही. ऑपरेशनला जाताना ज्याची मांडी मजबूत असते, त्याचं नंतरचं सगळंच सोपं जातं.

याला एक अपवाद आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला तो प्रश्न विचारला. फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकला तर गुडघा लॉक होतो. मग कितीही व्यायाम केला तरी पाय सरळ होत नाही. शेवटच्या टप्प्यावर काहीतरी आड आल्यासारखं वाटतं. असं असेल तर थांबायचं नाही. तो तुकडा जितका लवकर जागेवर नेऊन शिवला जाईल तितका तो जगण्याची शक्यता जास्त. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी हात लावून हेच तपासलं असेल आणि म्हणून ‘लगेच’ म्हटलं असेल, तर त्यांचंच ऐका.

मेनिस्कसबद्दल मी आग्रही आहे. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली गादी, आणि ती कापून टाकली की हाडांवरच्या कूर्चेवर थेट भार येतो. झीज पुढे वीस वर्षांनी दिसते, पण तिची सुरुवात तिथे होते. ‘शिवता येईल का?’ हे डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी स्पष्ट विचारा. शिवला तर पहिले चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत, काही वेळा पायावर पूर्ण भारही देऊ देत नाहीत. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या दिवशी चालायला लागला आणि आपण अजून कुबड्यांवर, म्हणून खचू नका. त्याचं आणि तुमचं ऑपरेशन एकच नाही.

ग्राफ्टविषयी लोक सर्वात जास्त विचारतात. तुटलेलं एसीएल नुसतं शिवून सहसा टिकत नाही, म्हणून तुमच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून त्या जागी नवा दोर बांधतात. तो तीन ठिकाणांहून घेता येतो. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचे एक-दोन बंध घेतले तर जखम लहान, पुढून दुखणं कमी. पण पाय मागे ओढण्याची ताकद थोडी घटते आणि बारीक शरीरयष्टीच्या माणसात ग्राफ्टची जाडी कमी भरते. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट तरुण खेळाडूत तुटण्याची शक्यता वाढते. दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या खालचा बंध, तो दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. हाड हाडाला लवकर धरतं, म्हणून तो भक्कम मानला जातो, पण गुडघा टेकून बसताना पुढे दुखू शकतं. ज्यांचं काम गुडघे टेकून करायचं आहे त्यांना मी तो देत नाही. तिसरा वाटीच्या वरचा, क्वाड्रिसेप्सचा म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा बंध. तो जाड मिळतो आणि अलीकडे त्याचा वापर वाढलाय. पण त्यानंतर मांडीच्या पुढच्या स्नायूवर जास्त मेहनत घ्यावी लागते. मृत दात्याकडून मिळालेला ग्राफ्ट तुमच्या वयात नको. तरुण खेळाडूंमध्ये तो तुटण्याचं प्रमाण स्वतःच्या ग्राफ्टपेक्षा बरंच जास्त आहे.

तीनपैकी कोणता, यावर मी वाद घालणार नाही. तुमच्या सर्जनचा हात ज्या ग्राफ्टवर बसलाय तो घ्या. एकच गोष्ट मात्र जरूर विचारा. वय २५ पेक्षा कमी, वळणांचा खेळ आणि तपासणीत गुडघा खूप सैल असेल, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जास्तीचा पट्टा बांधायची पद्धत आहे. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट घेतलेल्या अशा ६१८ तरुणांच्या अभ्यासात, २०२० मध्ये, ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. बाहेरून एक छोटी जखम वाढते, पण तुमच्यासारख्या रुग्णात मला ती वाढवण्यासारखी वाटते.

प्रत्यक्ष ऑपरेशनचं फार मनावर घेऊ नका. बहुधा कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतात. दुर्बिणीतून दोन्ही हाडांना बोगदे पाडून ग्राफ्ट ओवतात आणि स्क्रू किंवा छोट्या बटणाने धरून ठेवतात. तास-दीड तासाचं काम. हे बटण आणि स्क्रू सहसा काढावे लागत नाहीत. नडगीच्या पुढच्या बाजूला, जखमेच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढा भाग बधिर राहू शकतो, कारण तिथल्या त्वचेचा बारीक मज्जातंतू वाटेत येतो. हे आधी कुणी सांगितलं नाही म्हणून पुष्कळ जण घाबरतात. त्याने पायाच्या ताकदीवर काही परिणाम होत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांबद्दल मात्र मी वाटेल तेवढा वेळ बोलायला तयार आहे. या काळात तुमचं काम एकच: पाय पूर्ण सरळ करणं. वाकवणं नंतर येतं, सरळ करणं राहिलं तर ते परत मिळवायला फार कष्ट पडतात. पाठीवर झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको, आणि पाय आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. दहा दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखेल, पण हे दुखणं चालतं. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला छान वाटतं, आणि प्रेमापोटी घरचेच ती उशी आणून ठेवतात. ती काढून टाका. आठवडे उलटूनही पाय सरळ होईना आणि पुढच्या बाजूला काहीतरी दाबल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा. ग्राफ्टच्या पुढे मांसाची लहानशी गाठ तयार होऊन अडथळा करते, ती दुर्बिणीतून काढता येते.

दुसरं काम मांडीचं. गुडघ्यात सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू बंदच करतो. तुम्ही आवळायला जाता आणि तो हलतच नाही. हा आळस नाही, शरीराची ती संरक्षक प्रतिक्रिया आहे. दर तासाला पाय सरळ ठेवून स्नायू आवळायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. गुडघा न वाकवता पाय उचलता येऊ लागला आणि चाल सरळ झाली की कुबड्या सोडायच्या, त्याआधी नाही. लंगडत बिनकुबड्यांनी चालण्यात काही शौर्य नाही. टेबलावरचं काम बहुतेकांना दोन आठवड्यांत जमतं. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर गाडी चालवायला चार ते सहा आठवडे लागतात.

पोटरी एकदम दुखू लागली आणि फुगली, श्वासाला त्रास झाला, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा उतरत आलेली सूज पुन्हा वाढून गुडघा लाल झाला, तर फोनवर फोटो पाठवून वाट बघू नका, त्याच दिवशी जा. सांध्यात जंतुसंसर्ग शंभरात एकालाही होत नाही, पण झाला तर एकेक दिवस मोलाचा असतो.

मग येतो सहा ते बारा आठवड्यांचा काळ, मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती याच काळाची. सूज गेलेली असते, दुखत नाही, चाल सरळ झालेली असते. नेमका याच वेळी ग्राफ्ट सर्वात कमकुवत असतो. बांधला त्या दिवशी तो मजबूत होता, पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि मग हळूहळू तो लिगामेंटसारखा घडत जातो. हे घडणं वर्षभर आणि त्यापुढेही चालतं. वेदना तुम्हाला यातलं काहीही सांगणार नाही. ओल्या फरशीवर घसरणं, गर्दीत धक्का लागून पाय मुरगळणं, कुणाच्या तरी हट्टापायी चार उड्या मारणं, याच काळात महागात पडतं. स्थिर सायकल, अर्धे स्क्वॅट, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल, हे सगळं जरूर करा, पण फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. उकिडवं बसायची घाई या काळात करू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पळायला सुरुवात होते. तीही तारीख बघून नाही. सूज शून्य, हालचाल पूर्ण आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या साधारण ७० टक्के असेल, तर सपाट जमिनीवर, सरळ रेषेत. इथून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ कंटाळवाणा असतो आणि बहुतेकांचा व्यायाम इथेच सुटतो. फिजिओथेरपी परवडत नाही, वेळ नाही, ‘आता बरंच वाटतंय’ अशी कारणं असतात. शक्य असेल तर सुरुवातीच्या महिन्यांतल्या शेक आणि मशीनवरचा खर्च वाचवा आणि तो या काळासाठी ठेवा. वजन घेऊन केलेला व्यायाम, आठवड्यातून तीन वेळा, वजन हळूहळू वाढवत नेणं, याला दुसरा पर्याय मला तरी माहीत नाही.

आता स्पर्धेचं. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं जेवढे महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झालं. परतण्याआधीच्या ताकदीच्या आणि उड्यांच्या सगळ्या चाचण्या जे पास झाले, त्यांच्यापैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. जे नापास असूनही परतले, त्यांच्यापैकी ३८.२ टक्क्यांना. हे दोन आकडे मी प्रत्येक तरुण रुग्णाला कागदावर लिहून देते. नऊ महिने झालेत आणि मांडीची ताकद अजून दुसऱ्या पायाच्या ७५ टक्केच आहे, तर तुम्ही तयार नाही. किमान ९० हवी. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, उतरताना गुडघा आत कोसळतो का, हे सगळं मोजून घ्या. आणि ‘दुसरा पाय’ही इतक्या महिन्यांत कमजोर झालेला असतो हे विसरू नका. पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळाकडे परततात, त्यांच्यातल्या जवळपास चौघांत एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या.

मनाचंही सांगायला हवं, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी ते येणार आहे. ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परततात, पण आधीच्या पातळीवर ६५ टक्केच. अनेकांचा गुडघा ठणठणीत असतो, भीती गेलेली नसते. ती भीती दाबून मैदानात उतरलेला खेळाडू अडखळत उतरतो आणि तसाच जखमी होतो. फिजिओथेरपिस्टला मोकळेपणाने सांगा. वळणं, धक्के, अचानक थांबणं हे सगळं आधी सरावात, मग संघाच्या सरावात, मग थोडा वेळ सामन्यात, अशा पायऱ्यांनी ती जाते.

ऑपरेशन केलं म्हणून पुढे संधिवात होणार नाही, अशी खात्री मात्र कुणी दिली तर मानू नका. पहिल्या दुखापतीच्या वेळी कूर्चेला जो मार बसतो तो ग्राफ्टने पुसला जात नाही. वजन आटोक्यात, मांडी मजबूत आणि मेनिस्कस शाबूत, या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आज रात्री पलंगावर पालथे झोपा, दोन्ही पाय गुडघ्यापासून पुढे पलंगाबाहेर येऊ द्या आणि कुणाला तरी मागून दोन्ही टाचा बघायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच दुसरीपेक्षा किती वर राहते? दोन-तीन बोटं वर राहत असेल आणि हलक्या दाबानेही खाली जात नसेल, तर उद्याच पहिल्या डॉक्टरांना भेटा आणि गुडघा लॉक आहे का हे विचारा. दोन्ही टाचा सारख्या असतील तर दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तीन-चार आठवडे मनापासून व्यायाम करा, मग तारीख घ्या. टाचांचं काय दिसलं ते मला जरूर कळवा.